दिवेलागणीची खोटारडी घागरमाळ

मी घागरमाळ बोलून राह्यले. गप बसायचा गुण माझ्यात पहिल्यापासूनच न्हाई. बैलानं मान हलवली की मी बोलायची, त्याच्या कानावर माशी बसली तरी बोलायची.

जुन्या जालन्यातल्या एका ओताऱ्यानं माझी एकवीस घुंगरं ओतली. हसनाबादच्या रखमाजीनं मला आणलं अन् हौशा बैलाच्या गळ्यात बांधलं. दिवेलागणीला गल्लीत माझा आवाज आला की बायका चुली पेटवायच्या. घड्याळ होतं कुणाकडं? हौशाला पाणी पाजायचं, कडबा टाकायचा, मंगच रखमाजी ताटावर बसायचा. चौदा वर्षं हेच.

पुढं हौशा मेला अन् मी खुंटीला गेले. रखमाजीही थकला. फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडावी तशा त्याच्या डोक्यातून गोष्टी सांडाया लागल्या. दिवसा माणूस बराबर, सुनेची चेष्टाबी करायचा. पण भिंतीवरलं ऊन उतरलं की काठी घेऊन उठायचा. हौशा अजून आला न्हाई, म्हणून दार ओढायचा. अडवलं की शिव्या. एकदा तर काठीच हाणली.

लेक पुंजाराम मोठा खऱ्याचा माणूस. "आबा, हौशा मरून सहा वर्षं झाली," असं तोंडावर सांगायचा. म्हातारा मटकन बसून रडायचा. दुसऱ्या सांजेला विसरायचा, फिरून इचारायचा, फिरून रडायचा. एका बैलानं मरावं तरी किती वेळा?

नदी जवळ, म्हातारा कुठं तिकडं गेला तर, हे भ्या पुंजारामच्या पोटात. त्यानं सांजेला बाहेरून कडी घालायचं ठरवलं.

पण सून झुंबरबाई माझ्याच जातीची, आगाऊ. तिनं अंधार पडायच्या आधीच कंदील लावला, मला खुंटीवरून काढलं अन् गोठ्यामागून हळूहळू वाजवत आली.

"मामंजी, हौशा आला. कडबा तुमीच टाका, मला शिंगं दावतो."

रखमाजीनं काठी ठेवली. गोठ्यात होती म्हैस. तिच्यापुढं कडबा टाकून त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. "हौशा, लई वाळलास रे," म्हणला. म्हशीनं ऐकून घेतलं. माझं मात्र हसून एक घुंगरू निखळायचंच राह्यलं. म्हातारा निवांत जेवला.

पुंजारामनं बायकोला इचारलं, आबांशी खोटं बोलतीस?

"मी कुठं बोलले? घागरमाळ बोलली."

बघा, बोलणं तिचं अन् नाव माझं.

रोज सांजेला हेच चाललं. मंग पोळा आला. पुंजारामनं नवा गोऱ्हा घेतल्ता. हौसेच्या भरात त्यानं मला त्याच्या गळ्यात बांधलं. झुंबरबाई पुरणाच्या घाईत, तिच्या ध्यानात आलं न्हाई. मी वाजत वाजत वेशीकडं निघाले. रोज येणारा आवाज आज लांब लांब चालला, हे एकट्या रखमाजीला कळलं.

आमी परतलो तवा ओसरी रिकामी. अवसेचा अंधार पडत आल्ता. पुंजारामनं हाका मारमारून घसा फोडला. ओ न्हाई.

झुंबरबाईनं डफडं बंद करायला लावलं. गोऱ्ह्याच्या गळ्यातून मला सोडलं अन् नदीच्या वाटेनं वाजवत निघाली, थकला बैल चालतो तशी, सावकाश. जल्मात इतकं मन लावून मी कधी वाजले न्हाई.

बाभळीपल्याडून आवाज आला. "थांब रे हौशा. आलो."

गुडघाभर पाण्यात उभा होता.

एका हातानं मला धरून म्हातारा घरी आला. दारात पुंजाराम कडब्याची पेंढी घेऊन उभा होता. खऱ्याचा माणूस तो, त्यानं पेंढी म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"आबा, हौशा आला," तो म्हणला. "चला, कडबा टाकू."

पुढं दोन वर्षं रोज सांजेला मला तोच वाजवायचा.

आता रखमाजी न्हाई. मी पुन्हा खुंटीला, चार घुंगरं गळालेली. तुमच्या घरी कुणी सांजेला दार ओढत असंल, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. कुणाची वाट बघतो, तेवढं इचारा. अन् लागलेच, तर मला काढा खाली. खोटं बोलायला मी अजून ठणठणीत हाये.