अंगठ्याचं नख

शिंपीकाकांची नखं वाढली होती. काचेपलीकडून काकूंना ती दिसत, आणि रोज सकाळी डॉक्टरीणबाई आल्या की काकूंचं पहिलं वाक्य तेच. "बघा हो, घारीसारखी झालीत."

"सिस्टर कापतील."

"कापू देतील तर ना. चाळीस वर्षं मीच कापतेय."

काकांना औषधांना न जुमानणारा क्षय होता, म्हणून ही वेगळी खोली, दोन दारं आणि मधे काच. दुसऱ्या कुणाला मास्क लावून आत सोडता आलं असतं, काकूंना नाही. नऊ वर्षांपूर्वी काकांनी त्यांना आपलं एक मूत्रपिंड दिलं होतं. ते टिकावं म्हणून घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांनी त्यांची प्रतिकारशक्ती पार लुळी केलेली. डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला होता, लागोपाठ तीन तपासण्यांत जंतू दिसले नाहीत की दार उघडेन.

"अर्धा माल हिच्याकडे, उरलेला तुमच्याकडे," काका आतून फोनवर म्हणत. "मी आपलं नुसतं अस्तर."

दोन तपासण्या चांगल्या आल्या. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी थुंकीची डबी उजेडात धरली आणि मान हलवली. "ही लाळ आहे, काका. छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. लाळेत जंतू नाही दिसले, तरी त्याला अर्थ नाही."

"गिऱ्हाइकाला माप पटेना," काका धापा टाकत म्हणाले.

दोन दिवस त्यांना खोकायचं बळच आलं नाही. तिसऱ्या दिवशी जमलं, डबी गेली. "उद्या दहा वाजता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काकू आठलाच येऊन बसल्या, नेलकटर रुमालात बांधून.

नऊ वाजता काकांच्या फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टरीणबाई धावत आत गेल्या, त्यांना कुशीवर धरून राहिल्या. काकूंचे दोन्ही तळवे काचेवर होते. सगळं दहा मिनिटांत आटोपलं. योग्य तेच करूनही माणूस देवापुढे रिकाम्या ओंजळीनं उभा राहतो, तो असा.

दहाला अहवाल आला.

"काय आलं?" काकूंनी विचारलं.

"जंतू नाहीत."

"चांगला आला म्हणायचा."

"काकू, ती डबी मी परत केली नसती तर तुम्ही आधीच आत…"

"कच्ची शिवण त्यांनाही खपायची नाही. पुरी बाही उसवायला लावायचे मला." काकूंनी डोळे पुसले नाहीत. "आता येऊ आत?"

सिस्टरनं काकांचे हात स्वच्छ धुऊन चादरीवर ठेवले होते. डॉक्टरीणबाईंनी काकूंना स्वतः मास्क बांधला, नाकावर दाबून बसवला.

"हातमोजे?"

"नकोत."

काकू स्टुलावर बसल्या. काकांचा हात त्यांनी आधी नुसताच धरून ठेवला, बराच वेळ. मग करंगळीपासून सुरुवात केली. कापलेली नखं रुमालात गोळा होत गेली. दोन्ही हात झाले, उजवा अंगठा तेवढा राहिला. काकूंनी नेलकटर मिटलं.

"एक राहिलं, काकू," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"ते नाही कापायचं. कापडाची दुमड दाबायला लागतं त्यांना."