मागच्या सीटवरची

त्या पठारावरचा वारा मी पाहिलाय. वारा दिसत नाही म्हणतात, पण तिथला दिसतो, इतका जाड आहे. तिथे कुत्रं भुंकलं की भुंकणं आधी पुढच्या गावात पोचतं, कुत्रं दुपारपर्यंत मागोमाग येतं. एका न्हाव्याकडे मी दाढीला बसलो, तर साबण माझ्या गालाला आणि दाढी झाली शेजारच्या खुर्चीवरच्याची. हे सगळं मी धाकटीला रंगवून सांगत होतो ते एवढ्याचसाठी, की तिने तिथे एकटीने सायकलवरून जायचा नाद सोडावा.

धाकटी म्हणजे माझी बहीण. तीही काही कोवळी पोर नाही, गुडघे तिचेही बोलतात. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसली होती. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर इस्त्री.

"दादा, पुरे. पाणी कुठे मिळतं ते सांग."

"पाणी आडवं वाहतं तिथे. तू नुसतं तोंड उघडून उभी राहा."

ती हसली. भोपू गेल्यापासून पहिल्यांदाच. आता हसणाऱ्या माणसाला घाबरवायचं कसं, हीच माझी पंचाईत झाली.

भोपू म्हणजे तिचा नवरा. हे नाव मीच ठेवलेलं. दोघं लग्नापासून जोडसायकल चालवायची. तिला दोन सीटा, चार पायडलं, पण हँडल आणि ब्रेक फक्त पुढच्याच्या हातात. भोपू पुढे, ही मागे. मागच्याला रस्ता दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून भोपूने सगळं ओरडून सांगायचं, "खड्डा! डावीकडे! थांबतोय!" आणि मागून "हं" आल्याशिवाय ब्रेक दाबायचा नाही, असा त्यांचा नेम. अख्ख्या बाजाराला कळायचं हे कुठे वळतायत ते. भाजीवाली तर मुद्दाम आधीच "हं" म्हणून मोकळी व्हायची.

पठाराचा बेत दोघांनी मिळून आखला. तंबू आणला, तो बैठकीच्या खोलीत उभारून त्यात चहासुद्धा प्यायले. मग हिवाळ्यात भोपूच्या छातीत दुखायला लागलं, आणि दवाखाना येण्याआधीच सगळं आटोपलं.

"मी गेले नाही ना दादा, तर तो मला कायम तसाच दिसत राहील," ती नकाशावर हात फिरवत म्हणाली. "सायकल धरून, एक पाय जमिनीवर टेकवून. माझी वाट बघत."

मी बरणीखालून निसटलेला नकाशाचा कोपरा परत दाबून ठेवला.

तिने एका सीटची सायकल घेतली. तोल उत्तम, पायात जोर. पण पहिल्याच दिवशी गल्लीच्या टोकाला वळण आलं आणि बाई सरळ दूधवाल्याच्या क्रेटमध्ये.

"ताई, दूध हवं होतं तर हाक मारायची!" दूधवाला पिशव्या गोळा करत म्हणाला.

घरी तिचं कोपर धुताना मी विचारलं, "अगं, ब्रेक का नाही दाबलास?"

तिने कोपर माझ्या हातातून सोडवून घेतलं. मग म्हणाली, "त्याने सांगितलं नाही."

पठारावर वारा दोनच महिने जरा नरमतो. तेवढ्यातच जाऊन यायचं. मी अट घातली. "तोवर स्वतःच्या मनाने थांबायला आलं नाही, तर नकाशाची घडी माझ्या कपाटात. कबूल?"

"कबूल."

मग रोज सराव. पाण्याच्या टाकीपासून उतारावर ती सुटायची आणि पठारावरच्या वाऱ्याची सवय व्हावी म्हणून मी भला मोठा पुठ्ठा घेऊन बाजूने वारा घालत पळायचो. शिंपी मशीन थांबवून ओरडायचा, "काका, शेगडी पेटली का?" वळण आलं की ती कान टवकारायची. हात ब्रेकवर, पण बोटं आवळायची नाहीत. एकदा ती भिंतीवरच निघाली, तेव्हा मी भोपूचा आवाज काढून ओरडलो, "थांबतोय!"

"हं," ती म्हणाली आणि जागच्या जागी थांबली. मग वळून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत भलतंच काहीतरी उजाडलं होतं, ते मला पाहून विझलं.

"दादा, असं परत करू नकोस."

नाही केलं. पुठ्ठाही टाकून दिला.

परवा ती उतारावरून सुसाट आली, आणि शिंप्याच्या कोपऱ्यावर बोळातून टेम्पो उलटा बाहेर आला. मी डोळे मिटले. रबर जमिनीवर घासल्याचा आवाज झाला. उघडून बघतो तर ती थांबलेली. मग टेम्पोला वळसा घालून, हात दाखवून, ती रीतसर डावीकडे गेली. शिंप्याने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कडाकडा.

ती परत आली, सायकल माझ्या हातात दिली आणि फूटपाथवर बसली.

"अगं, जमलं की तुला!"

"आज मी त्याची वाट बघितलीच नाही, दादा," ती म्हणाली. "एवढीसुद्धा नाही."

आणि ती रडायला लागली. भोपूला नेलं त्या दिवशीसुद्धा रडली नव्हती, तशी. जोरात, भर रस्त्यात, पोरीसारखी. शिंप्याने मान खाली घालून मशीन सुरू केलं. मी बाजूला बसलो. एखादी गोष्ट सांगावी म्हणून तोंड उघडलं, पण वाऱ्याचं, कुत्र्याचं, न्हाव्याचं, काहीच बाहेर येईना.

"राहू दे हवं तर," शेवटी मी म्हणालो. "नको जाऊस."

तिने पदराने तोंड पुसलं.

"तो अजून पाय टेकवून उभा असेल. आता जावंच लागेल," ती म्हणाली.