दीडशे अब्जांश

वेळ देवानं सगळ्यांना सारखी वाटली आहे, असं आपण भोळेपणानं धरून चालतो. त्या खोलीत बसणाऱ्या बाईला तसं धरून चालण्याची सोय नव्हती. तिचं कामच वेळेचं होतं. मुख्य घड्याळ जगाच्या दुसऱ्या टोकाला. वर्षातून एकदा तिचा सहकारी, ज्याला सगळे मास्तर म्हणत, एक पेटीएवढं घड्याळ घेऊन तिकडे जायचा, ते मुख्य घड्याळाशी जुळवायचा आणि विमानानं परत आणायचा. त्यावरून ती किनाऱ्यावरच्या मनोऱ्याचं घड्याळ लावायची. त्या मनोऱ्याचे संदेश किती वेळात पोचतात यावरून जहाजं धुक्यातही आपली जागा ओळखत.

प्रवासात घड्याळ चुकतं, आणि ती चूक काढून टाकावी लागते. मास्तर तक्ता भरायचा: वेग इतका, उंची इतकी, तास इतके. दिशेच्या रकान्यात 'पूर्व' हे छापूनच आलेलं असे. दुसऱ्या बाजूनं आजवर कोणी आलंच नव्हतं.

आज सकाळी दहाला तिनं मनोऱ्याला नवी वेळ दिली. बाहेर इतकं धुकं होतं की समोरची इमारत पुसल्यासारखी झाली होती. अकराच्या सुमारास मास्तर चहाचे पेले घेऊन आला आणि प्रवासाची रडगाणी गाऊ लागला. घड्याळाला खिडकीची जागा, आपण मधे अवघडलेले. हवाई सुंदरी घड्याळालाच विचारत होती, काही हवंय का. त्यात वादळामुळे विमान उलट्या वाटेनं आणलं. दिवस काही केल्या मावळेना, सूर्य आपला बरोबर चाललेला, जेवण कुठलं आणि न्याहारी कुठली काही पत्ता नाही.

तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

"पश्चिमेकडे उडत आलात?"

"मग सांगतोय काय?" मास्तर म्हणाला.

पृथ्वी स्वतःच पूर्वेकडे गरगरत असते. विमान पूर्वेकडे गेलं तर त्याचा वेग तिच्या वेगात मिसळतो, आणि वेग वाढला की घड्याळ मंदावतं. पश्चिमेकडे गेलं तर तेच विमान, तोच वेग, पण पृथ्वीच्या उलट. मंदावणं कमी होतं, उंचीमुळे घड्याळ मुळातच जलद चालतं, म्हणून ते पुढे धावतं. पूर्वेकडे उडत येताना ते सेकंदाचे वीस अब्जांश मागे पडायचं. आज ते एकशे पस्तीस पुढे होतं. आणि तिनं तक्त्यातल्या 'पूर्व'वर विसंबून त्यात वर आणखी वीस मिळवले होते.

दीडशे अब्जांशांवर पाच. पापणी लवायच्या कितीतरी आत संपणारी वेळ. पण एका अब्जांशात संदेश फूटभर जातो. दीडशे फूट.

बंदराची वाट दोन्ही बाजूंच्या खडकांमधून जात होती, तीनशे फूट रुंद. आणि मोठी जहाजं त्या वाटेनं आत आणणारा वाटाड्या तिचा थोरला भाऊ होता. साडेअकराला तो एक जहाज आत घेणार होता. आता अकरा वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

मनोऱ्यावरचा माणूस फोनवर म्हणाला, साहेबांच्या सहीशिवाय संदेश बंद करता येणार नाही. तिनं मास्तरला साहेबांकडे पळवलं आणि बंदराच्या रेडिओ खोलीत फोन लावला. तिथल्या मुलीनं कुरकुर न करता भावाला जोडून दिलं, हे देवाचे उपकार.

"दादा, मनोऱ्यावर विसंबू नकोस. वेळ चुकलीय. मीच चुकवलीय."

इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "डावीकडे की उजवीकडे, चिमणे?"

सकाळी याच डोक्यानं याच हातानं अधिक-उणं केलं होतं. आता पुन्हा चुकलं तर ती त्याला आपल्याच तोंडानं खडकावर पाठवणार होती. तिनं डोळे मिटले आणि पायरी पायरीनं उतरली. घड्याळ पुढे. म्हणजे मनोरा लवकर बोलतो. लवकर ऐकू आलं की जहाजाला वाटतं, आपण मनोऱ्याच्या जवळ आहोत. म्हणून ते लांब सरकतं. म्हणजे ते खरंच लांब आहे. मनोरा डाव्या हाताला.

"डावीकडे. मनोऱ्याकडे. दीडशे फूट."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली.

त्यानं सुकाणूवाल्याला काहीतरी सांगितलेलं तिनं ऐकलं. मग नुसती घरघर. कोणीतरी दूरवर ओरडलं. तिनं फोन कानात रुतेल इतका दाबला आणि ओठांत देवाचं नाव घेत राहिली.

"उजवीकडे खडक दिसला," भाऊ अखेर म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "शिडी टाकली असती तर उतरता आलं असतं. गेला मागे. आपण मधे आलो."

ती खुर्चीत बसली नाही, कोसळली. रडू येणार, तेवढ्यात भाऊच पुन्हा म्हणाला, "माझ्या मागे प्रवाशांची बोट आहे. तिला कोणी सांगितलंय?"

दारात मास्तर उभा होता, धापा टाकत, मान हलवत. साहेब जागेवर नव्हते. कागद कोराच होता.

तिनं रेडिओ खोलीतल्या मुलीला बोटीला जोडून द्यायला सांगितलं. पलीकडे रिंग वाजू लागली. वाजतच राहिली.