नूरीचं पूर्वायुष्य

सोयरीक आणि घोडा, दोन्ही बाबतीत खानदेशी माणूस तीन पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही.

कय्युमभाईंनी नूरी आठ मिनिटांत घेतली. सारंगखेड्याच्या यात्रेत, पहूरच्या अभिमन नावाच्या व्यापाऱ्याकडून. हातांवर रुमाल टाकला, रुमालाखाली बोटं दाबली, मान हलवली, झालं. त्याआधी तिचे दात पाहिले, कपाळावरचा भोवरा शुभ आहे का ते पाहिलं आणि चारही पायांवर हात फिरवून घेतला. ती आली कुठून हे विचारायचं राहिलं. रुमालाखाली प्रश्न विचारायची सोय नसते.

घोडी देखणी होती. दुधासारखी पांढरी, मान बगळ्याची, बँड लागला की चारही पाय वेगवेगळ्या तालावर टाकणारी. कय्युमभाई वरातींना घोडी पुरवतात. जळगावात मेहरूणच्या तलावाजवळ त्यांचं घर, घराला अंगण, अंगणात पत्र्याची शेड. लग्नसराई सुरू झाली आणि त्या अंगणात नवरदेव यायला लागले.

पहिला आला मार्चमध्ये. वरात निघाली होती स्टेशनपलीकडच्या हॉलकडे. निम्म्या वाटेवर नूरी थांबली, शांतपणे मागे वळली आणि नवरदेवाला घेऊन मेहरूणला आली. लगाम कय्युमभाईंच्याच हातात होता. लगामासकट तेही आले. मुलीच्या बापाला वाटलं, मुलानं ऐनवेळी नकार दिला. तिथे जी बोलाचाली झाली तिचा परिणाम म्हणून त्या घरात आजही दोन काका एकमेकांशी बोलत नाहीत. दुसरा नवरदेव एप्रिलमध्ये आला. तिसरा आला तेव्हा मुमताजभाभी अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्यांनी वर न पाहता पदर सावरला आणि नवऱ्याला विचारलं, "हा कुठला?"

"चोपड्याचा."

"बिठाओ. पानी लाती हूँ."

त्या संध्याकाळी भाभींनी निकाल दिला. मी शेजारी राहतो, कुंपण बुटकं आहे, त्यामुळे निकाल मलाही ऐकू आला. या हंगामात आता एकच वरात उरली होती, प्रशील नावाच्या मुलाची. त्या लग्नातून पुढचं एक तरी बुकिंग आलं तर नूरी राहील. नाही आलं तर लग्नानंतरच्या रविवारी अभिमनला फोन करून तिला गाडीत चढवायची.

कय्युमभाई तसेच कुंपणाशी आले. नूरीला ते स्वतःच्या हातानं हरभरा चारतात आणि मुलांना तो मान मिळालेला नाही.

"सर, तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवता ना?"

"हो."

"मग तिचा काढा."

मराठ्यांचा, मुघलांचा, झालंच तर खानदेशच्या फारुकी सुलतानांचा इतिहास मी शिकवलेला आहे. त्यातल्या कुणी उठून शंका विचारत नाही, हा त्या विषयाचा मोठा फायदा. जिवंत घोडीचा इतिहास काढायचा म्हणजे साधनं जिवंत माणसं, आणि तीही व्यापारी. तरी मी अभिमनला फोन लावला.

अभिमननं पहिल्या फोनवर सांगितलं की नूरीचा बाप एका संस्थानिकाच्या पागेतला. दुसऱ्या फोनवर बाप काठेवाडहून आला. तिसऱ्या फोनवर कय्युमभाईंनी फोन माझ्या हातून घेतला आणि आपल्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. त्यानंतर शिरपूरकडच्या प्रेमराज आबांचा नंबर मिळाला. नूरी त्यांच्या दारात जन्मली होती.

"कोन?" आबांनी अहिराणीत विचारलं.

"नमस्कार आबा. जळगावहून बोलतोय. तुमच्याकडची एक पांढरी घोडी..."

"विकेल जनावर मी परत लेत नही." फोन बंद.

मी पुन्हा लावला. "आबा, परत करायची नाही. तिच्या लहानपणाविषयी थोडी माहिती हवी होती."

"तुम्ही पोलीस शेतस का?"

"नाही, नाही. इतिहासाचा प्राध्यापक आहे."

फोन बंद.

तेव्हा रविवारी आम्ही दोघं एसटीनं धुळ्याला आणि धुळ्याहून शिरपूरला गेलो. तिथून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत रिक्षा. वाटेत कय्युमभाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होते. "सर, तिला कुणीतरी मारलेलं असणार. लहानपणी. नाहीतर असं करणार नाही." धुळ्याच्या स्टँडवर त्यांनी चहा सांगितला आणि प्यायले नाहीत.

आबा सत्तरीचे. बाजेवर बसले होते. आम्ही सोबत घोडी आणलेली नाही याची त्यांनी रिक्षात वाकून खात्री केली, मग बसायला सांगितलं. नूरीचा फोटो दाखवताच त्यांचा चेहरा बदलला.

"अरे, ही ते आमनी बिजली!" त्यांनी घरात हाक मारली. "ताईबाई, दख, बिजलीना सासरना लोक उनात!"

घरातली माणसं बाहेर आली. फोटो हातोहात फिरला. ताईबाईंनी, म्हणजे आबांच्या पत्नीनं, फोनच्या काचेवरूनच नूरीच्या तोंडावर हात फिरवला आणि ती वाळली आहे असा शेरा मारला. कय्युमभाईंनी घाईघाईनं सांगितलं की ती रोज दोन किलो हरभरा खाते. त्यावर "मंग हरभरा चांगला नसेल," असं उत्तर आलं.

मी वही काढली. जन्म दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. आई तांबडी. बाप आबांनी सांगितला, पण त्या वेळी ताईबाई हसल्या, म्हणून मी तिथे प्रश्नचिन्ह केलं. कुणी कधी हात उगारला नाही. लग्नाच्या वरातीत कधी गेली नाही.

"मग तिनं केलं काय?" कय्युमभाई न राहवून म्हणाले.

आबा ताठ बसले. "नोकरी. तीन साल सरकारी नोकरी करी तिनी."

वरच्या पाड्यावर एका खात्याचे साहेब आठवड्यातून दोनदा तपासणीला जायचे. खात्याचं नाव आबांनी सांगितलं, मी लिहीत नाही. पाडा चढणीवर आठ किलोमीटर, रस्ता नाही, म्हणून साहेब बिजलीवर बसून जात. निम्म्या चढावर एक मोठा खडक आहे. मोबाइलला रेंज तिथपर्यंतच. साहेब तिथे उतरत, घोडीकडे पाठ करून तिच्यासमोर उभे राहत, फोन वर धरत आणि मागे घोडी आणि डोंगर दिसेल असा स्वतःचा फोटो काढून वरच्या ऑफिसला पाठवत. फोटोवर तारीख, वेळ आणि जागा आपोआप छापून येते, त्यामुळे साहेब डोंगरात आहेत याबद्दल वाद उरत नाही. फोटो गेला की तपासणी झाली.

"मंग?" मी विचारलं. दोन तासांत माझीही भाषा घसरली होती.

"मंग घर. पुढे पाडा शे, पन साहेबनी पाडा दखा नही, घोडीनीबी दखा नही. पहिलं साल साहेब तिले फिरवे. दुसरा सालपाईन ती साहेबना आधी फिरे. भलती हुशार!"

कय्युमभाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तिन्ही वरातींत वळण्याआधी नेमकं काय घडलं होतं ते दोघांनाही एकदम आठवलं, त्यांना पाहिलेलं, मला कुंपणावरून ऐकलेलं. नवरदेवाचा कुणीतरी मित्र नाचत नाचत घोडीपुढे आला होता, पाठ करून उभा राहिला होता आणि त्यानं सेल्फी काढला होता.

कय्युमभाईंचे डोळे भरून आले. "म्हणजे सर, तिची काही चूकच नाही. ती ड्यूटी करते."

निघताना ताईबाईंनी हरभऱ्याची पिशवी दिली. आमच्यासाठी नव्हती.

जळगावला परतल्यावर प्रशीलच्या घरी जाऊन खरं सांगायचं ठरलं. प्रशील बँकेत नोकरीला, वडील यादवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त. घोडीचा हट्ट मात्र त्या दोघांचा नव्हता, आजी नर्मदाबाईंचा होता. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होत्या.

"उपाय सोपा आहे," मी म्हणालो. "वरातीत कुणी सेल्फी काढायचा नाही."

यादवराव माझ्याकडे दयेनं पाहायला लागले. "सर, तीनशे माणूस आहे. मी जेवण बंद ठेवू शकतो. सेल्फी कसा बंद ठेवू?"

"पप्पा, आपण कार सांगू ना," प्रशील म्हणाला. "मला तशीही घोड्याची भीती वाटते."

"तुला कुणी विचारलंय?" नर्मदाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, आमच्या गावात याच्या आजोबांची वरात पायी निघाली. वेशीपासून पुढे चपला हातात. पाटलाच्या घोडीला वैरण आमचेच लोक टाकत, बसायचं नाव नाही. तर हा बसणार. घोडी कुठं का नेईना."

हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

तेव्हा मला युक्ती सुचली. फोटो निघाला की नूरी घरी जाते. नूरीचं घर मेहरूणला. आधीच्या तिन्ही वराती मेहरूणपासून लांब चालल्या होत्या. या लग्नाचा हॉल मेहरूणलाच, तलावाच्या रस्त्यावर! म्हणजे सेल्फी टाळायचे कशाला? उलट निघतानाच काढायचे. घोडी आपल्या पायांनी हॉलकडे येईल. यादवरावांनी दोनदा समजून घेतलं आणि माझा हात हातात घेतला. निवृत्तीनंतर इतकं बिनखर्चाचं नियोजन त्यांनी पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेदहाला प्रशील फेटा बांधून नूरीवर चढला. चढला म्हणजे चौघांनी चढवला. बँड लागला. यादवरावांनी माइकवरून जाहीर केलं, "ज्यांना सेल्फी घ्यायचे त्यांनी आत्ताच घ्या!" अशी विनंती इतक्या तातडीनं मान्य होताना मी प्रथमच पाहिली. चाळीसेक माणसं एकाच वेळी घोडीकडे पाठ करून उभी राहिली आणि चाळीस फोन वर गेले.

नूरीनं कान टवकारले. तीन वर्षांत तिची एवढी तपासणी कधी झाली नव्हती.

ती निघाली. नाचली वगैरे नाही, चालली. ज्याचं काम संपलं आहे त्याच्या चालीनं. बँडवाले मागे पडले आणि वाजवत वाजवत पळायला लागले. ढोलवाल्यानं ढोल रिक्षात टाकला. कय्युमभाई लगाम धरून धावत होते आणि माझ्याकडे पाहून हसत होते. सव्वा तासाचं अंतर पंचवीस मिनिटांत संपलं. समोर हॉल दिसला, कमान दिसली, फुलं घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसल्या.

माझ्या आराखड्यात एक बारीक गोष्ट राहून गेली होती. कय्युमभाईंची शेड हॉलच्या अलीकडे नाही. दोन गल्ल्या पलीकडे आहे.

बायकांनी फुलं उधळली. ती रस्त्यावर पडली, कारण नवरदेव तोवर पुढे गेला होता. हॉलच्या गच्चीवर नवरी उभी होती, दीपमाला, पांढऱ्या साडीत. तिनं कठड्यावरून वाकून विचारलं, "अरे, कुठे चाललास?"

"माहीत नाही!" प्रशील ओरडला. आवाज लांब जात गेला.

कमानीजवळ बौद्धाचार्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना तीन वाजता नशिराबादला दुसरं लग्न होतं.

मी अंगणात पोचलो तेव्हा नूरी शेडमध्ये पाणी पीत होती. प्रशील अजून तिच्यावरच होता, पत्र्याला फेटा लागू नये म्हणून मानेवर आडवा झालेला. मुमताजभाभी दारात उभ्या. त्यांनी प्रशीलकडे पाहिलं, कय्युमभाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"चौथा," त्या म्हणाल्या आणि घरात पाणी आणायला गेल्या.

कय्युमभाई नूरीच्या मानेला कपाळ टेकून उभे राहिले. रविवार तीन दिवसांवर होता.

मागून वरात आली. अंगणात मावली तेवढी आत, उरलेली कुंपणावरून माझ्या बागेत. बँडवाल्यांना नक्की कुठे थांबायचं हे कळेना, म्हणून ते वाजवतच राहिले. शेवटी रिक्षातून ढोल उतरला आणि ढोलामागून नर्मदाबाई उतरल्या. गर्दी बाजूला झाली. यादवराव पुढे होऊन म्हणाले, "आई, चूक झाली, आत्ता वळवतो..."

"कसली चूक?" नर्मदाबाई म्हणाल्या. "हॉलपर्यंत सगळेच जातात. माझा नातू पुढं गेला."

त्या शेडजवळ गेल्या आणि मान वर करून प्रशीलकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "कुणी उतर म्हणालं का रे वाटेत?"

"नाही ना, आजी," प्रशील रडकुंडीला येऊन म्हणाला. "कुणीच म्हणालं नाही."

"मग झालं."

मुमताजभाभी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, तेव्हा नर्मदाबाई त्यांच्या समोर उभ्या राहिल्या. "बाई, घोडी तुमची ना? मला अजून दोन नातू आहेत. दोघांनाही हीच लागेल. दुसरी पाठवली तर चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"दोन?" भाभी म्हणाल्या.

"दोन. लिहून घ्या."

भाभींनी तांब्या खाली ठेवला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि दोन्ही नावं स्वतःच्या हातानं लिहिली. शब्द दिला होता, आणि भाभी शब्दाच्या पक्क्या. अभिमनला फोन गेला नाही. कय्युमभाईंनी शिरपूरच्या हरभऱ्याची पिशवी सोडली. प्रशीलला चौघांनी उतरवलं, हॉलपर्यंत तो पायी गेला आणि सव्वाबाराला लग्न लागलं.

ते दोन नातू सध्या चौथीत आणि सहावीत आहेत.