दोघांनी हजर राहावे

पत्र आलं तेव्हा ती जाऊन पाच आठवडे झाले होते. पाकिटावर दोघांची नावं होती. आधी तिचं, मग माझं, कारण इथली नागरिक ती होती आणि कायम राहण्याच्या परवान्यासाठी मी तिचा नवरा म्हणून अर्ज केला होता. सासूबाईंनी सुरीने पाकीट उघडलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांना वाचता येतं, पण सरकारी पत्र त्या वाचत नाहीत, वाचून घेतात.

पहिल्या मुलाखतीत पती आणि पत्नी यांनी वेगवेगळं बसून दिलेली उत्तरं तीन ठिकाणी जुळत नाहीत, असं लिहिलं होतं. खुलाशासाठी दोघांनी सकाळी साडेदहा वाजता हजर राहावे. हवा असल्यास साक्षीदार आणावा.

"दोघांनी," सासूबाई म्हणाल्या. मग भाजी निवडायला बसल्या.

मी कार्यालयात फोन केला. बरीच बटणं दाबल्यावर एक माणूस आला. पत्नीला सोबत आणणं बंधनकारक आहे, असं तो म्हणाला. मी सांगितलं की ती वारली. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला, आणि मग तो म्हणाला की तसं असेल तर येताना मृत्यूचा दाखला आणा. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं नीट समजावलं. जोडीदार वारला म्हणून अर्ज रद्द होत नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली असली आणि लग्न खरं होतं अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर अर्ज पुढे चालतो. नाही पटली तर तीस दिवसांत देश सोडायचा. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी त्याचे आभार मानले आणि कामावर गेलो.

मी गाद्यांच्या कारखान्यात आहे. गादीची कड शिवायचं मशीन माझ्याकडे असतं. गादी टेबलावर फिरवत फिरवत चारी बाजूंनी पट्टी शिवत न्यायची, कोपऱ्याला हात सैल सोडायचा, एवढंच काम. बायकोची ओळखही गादीमुळेच झाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिने आईसाठी आमच्याकडून गादी घेतली होती. सासूबाई गादीवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, एक बाजू उंच आहे. कारखान्याने मला दुरुस्तीला पाठवलं. मी तीनदा गेलो. गादीत काहीच खोट नव्हती. तिसऱ्या वेळी ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "गादी चांगली आहे. आईला सवय आहे. पण तुम्ही चौथ्यांदा या."

चौथ्यांदा गेलो तेव्हा सासूबाई माझ्यासमोरच तिला म्हणाल्या, "ठमे, याला तू नकोस, परवाना हवाय." त्या तिला ठमी म्हणायच्या. पुढे मीही म्हणायला लागलो. लग्नानंतर आम्ही तिघं एकाच घरात राहिलो आणि परवान्याचं बोलणं सासूबाईंनी पुढची चार वर्षं सोडलं नाही. मीठ मागितलं तरी म्हणायच्या, परवाना असेल तर घ्या.

अर्ज केल्यावर ठमीने एक वही केली. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारून विचारून तिने मुलाखतीचे साठ प्रश्न जमवले आणि प्रत्येकापुढे आम्ही काय सांगायचं ते लिहिलं. आमची खरी उत्तरं तिला बरी वाटत नव्हती. दिवसभर वाकून माझी कंबर गेली आहे, म्हणून मी जमिनीवर झोपतो. ती पलंगावर, मी खाली. "गाद्या शिवणारा माणूस फरशीवर झोपतो म्हणून सांगितलंत तर ते आपल्याला खुळ्यात काढतील," ती म्हणाली. म्हणून वहीत लिहिलं: पलंगावर, डाव्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी काय करता, तर बागेत फिरायला जातो. भांडता का, तर नाही. दोघांनाही वाटत होतं की सरकारला आमच्यापेक्षा जरा नीटनेटका संसार आवडत असेल. मशीन चालवताना मी ती उत्तरं पुटपुटायचो. शाळेत माझं काही पाठ झालं नव्हतं. हे झालं.

मुलाखतीला आम्हाला दोन खोल्यांत बसवलं. मी सगळं वहीतलं सांगितलं, एकदाही अडखळलो नाही. परत येताना बसमध्ये तिला विचारलं, तू काय सांगितलंस. "जे ठरलं होतं तेच," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती दुकानात एका बाईच्या चष्म्याची दांडी वाकवून देत असताना खाली पडली. मेंदूतली नस फुटली होती. दोन दिवस दवाखान्यात होती. त्या दोन दिवसांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. मी खुर्चीवर बसून होतो. खुर्चीची शिवण एका बाजूने उसवली होती, आणि मूळचा टाकाच चुकीचा घातला होता, हे मला आठवतं.

पाचव्या दिवशी मी कामावर गेलो. मुकादम म्हणाला, घरी बसा. मी म्हणालो, घरी बसून काय करू. जेवण जात होतं, झोप लागत होती. कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणायचो आणि ते खोटं वाटत नव्हतं. रडू मात्र आलं नाही. सासूबाईंनाही आलं नाही, निदान माझ्यासमोर. आम्ही दोघं एकमेकांना पाण्याचा पेला पुढे करायचो, दाराची कडी लावली का विचारायचो. ज्या दोन माणसांमध्ये ती उभी असायची ती दोघं आता समोरासमोर आली होती, आणि काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

पत्र आल्यापासून मी पुन्हा वही काढून बसायला लागलो. कोणती तीन उत्तरं जुळली नाहीत ते मला कळत नव्हतं. ती विसरली असेल, असं आधी वाटलं. पण वही तिनेच लिहिली होती. मग एकदा असंही मनात आलं की तिने मुद्दाम वेगळं सांगितलं. मी इथे राहावं असं तिला शेवटी वाटतच नव्हतं की काय. हे मनात आलं आणि तिथेच बसलं. मला विशेष काही वाटलं नाही, पण ते हललंही नाही.

सासूबाईंनी मला वहीसोबत बघितलं. "जावईबापू, हे काय चाललंय?"

मी म्हणालो, पाठ करतोय.

"कोणाशी जुळवायला?"

मी वही मिटली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की साक्षीदार म्हणून त्या येणार आहेत. मी नको म्हणालो नाही. मनात मात्र आलं की आता संपलंच, ही बाई पहिल्याच वाक्यात परवान्याचा विषय काढणार.

खुलाशाच्या दिवशी आम्ही सव्वानऊलाच पोचलो. बाकांवर जोडपीच जोडपी बसलेली, फायली मांडीवर घेऊन, एकमेकांना हळू आवाजात प्रश्न विचारत. समोरच्या मुलीने नवऱ्याला विचारलं, माझ्या मावशीचं गाव कुठलं, आणि त्याला येईना. सासूबाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "याचं काही खरं नाही." मग आमचा पुकारा झाला. दोघांच्या नावाने.

अधिकारी बाई ठमीच्याच वयाच्या असतील. त्यांनी दाखला बघितला, वाईट वाटलं असं म्हणाल्या, झेरॉक्स काढून आणली आणि मग फाइल उघडली. तुम्ही कुठे झोपता, यावर तुम्ही पलंगावर डावीकडे असं म्हणालात, त्या म्हणाल्या. पत्नीने सांगितलं, जमिनीवर, कपाटाच्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघं बागेत जाता असं तुमचं म्हणणं. पत्नीने सांगितलं, ते दुपारपर्यंत आडवे पडतात आणि मी शेजारी बसून शेंगदाणे खाते. तुम्ही भांडता का, तर तुम्ही नाही म्हणालात.

इथे त्या थांबल्या आणि कागद जरा जवळ धरला. "पत्नीचं उत्तर असं आहे: रोज. पण मी एकटीच भांडते. ते हं म्हणतात, त्यामुळे भांडण लांबतं."

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. हसू होतं की काय होतं, मला दिसलं नाही.

ते तिचंच बोलणं होतं. टाइप केलेलं, पण तिचंच. इतक्या आठवड्यांत तिचं एकही नवं वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि हे मला माहीत नसलेलं वाक्य होतं. ते परत वाचा असं मला म्हणायचं होतं, पण तशी पद्धत नसेल असं वाटलं.

बाईंनी विचारलं, यातलं खरं काय. मी म्हणालो, तिने सांगितलं ते. मग तुम्ही खोटं का सांगितलंत? मी वहीबद्दल सांगितलं. वही तिनेच केली होती, तर ती वेगळं का बोलली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही.

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी सांगितलं की मुलाखतीहून आल्यावर मी अंघोळीला गेलो होतो, तेव्हा ठमी स्वयंपाकघरात त्यांना म्हणाली, आई, मला ते पाठ केलेलं बोलताच आलं नाही. त्या बाईंनी ह्यांच्याबद्दल विचारलं आणि जे आहे तेच तोंडातून निघालं. ह्यांना सांगू नकोस, उगाच धास्ती घेतील.

"आणि तुम्ही सांगितलं नाही," बाई म्हणाल्या.

"तिने नको म्हटलं होतं."

मग बाईंनी त्यांना सरळ विचारलं, जावयाने कागदासाठी लग्न केलं असं तुम्हाला कधी वाटलं का. मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. प्लायवूडवर चिकटवलेली पट्टी एका ठिकाणी सुटली होती.

"वाटलं होतं. चार वर्षं वाटत होतं, तोंडावर बोलून दाखवत होते," सासूबाई म्हणाल्या. "मग सोडून दिलं. कागदासाठी आलेला माणूस कागद मिळायच्या आधीच माझ्या तोंडाला कंटाळून पळाला असता."

बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता मला म्हणाल्या की एक प्रश्न राहिला, तो यादीतला नाही. पत्नी आता नाही. मूलबाळ नाही. तुमचे भाऊ तिकडे आहेत. मग इथे राहायचं कशासाठी?

हा प्रश्न वहीत नव्हता. मी म्हणालो, आई एकट्या आहेत.

"माझं निमित्त सांगू नका," सासूबाई लगेच म्हणाल्या. "मी काही तुमच्या गळ्यात पडलेली नाही. मला माझं करता येतं. खरं असेल ते सांगा नाहीतर गप्प बसा."

बाईंनी घाई केली नाही. मी दुसरं काही शोधत नव्हतो, एकच गोष्ट होती, फक्त ती कशी सांगायची ते सुचत नव्हतं. अर्ज चालू असताना देश सोडता येत नाही. त्याआधी आम्ही दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ. म्हणून ठमी माझ्या गावी कधी आलीच नाही.

"तिकडे तिला कोणी पाहिलेलं नाही," मी म्हणालो. "मी परत गेलो तर माझ्याभोवती एकही माणूस असा नसेल ज्याने तिला पाहिलंय. इथे चष्मेवाला आहे. खालची शेजारीण आहे. ह्या आहेत. तिकडे मी नुसता परत आलेला माणूस. तिकडे तिच्याबद्दल मी जे सांगेन तेवढंच."

एवढं मी सहसा एका दमात बोलत नाही. सासूबाई खाली बघत होत्या. बाईंनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि सही करायला सांगितली. उत्तर टपालाने येईल म्हणाल्या.

बाहेर बसथांब्यावर उभे असताना सासूबाई म्हणाल्या, "शेंगदाण्याची टरफलं ती पलंगाखाली टाकायची. मी लहानपणापासून ओरडत होते." मी म्हणालो, माझ्या अंगावर टाकायची. त्या हं म्हणाल्या.

एकोणीस दिवसांनी मंजुरी आली. कार्डासाठी पुन्हा त्याच इमारतीत जायचं होतं, तळमजल्यावर. सासूबाई सोबत आल्या, म्हणाल्या घरात बसून तरी काय करायचं. त्या बाकावर बसल्या आणि मी खिडकीवर गेलो. कारकुनाने फॉर्म दिला. कोणत्या गटात अर्ज, तिथे मी 'नागरिकाचा पती' लिहिलं. खाली वैवाहिक स्थितीचे चार चौकोन होते. मी विवाहितवर खूण केली.

कारकुनाने स्क्रीन बघितली, फॉर्म परत सरकवला आणि म्हणाला की हे चुकलं, विधुर करा. मी त्याला विचारलं की वर पती लिहिलंय, मग ते खोडू का.

"नाही नाही, ते राहू द्या. त्याच्यावरच तर कार्ड आहे," तो म्हणाला. "वर पती, खाली विधुर. दोन्ही चालतं."

त्याने नवा फॉर्म दिला. मी वर पती लिहिलं आणि खाली शेवटच्या चौकोनात खूण केली. बोटांचे ठसे तीनदा घ्यावे लागले, कापडाने माझी बोटं गुळगुळीत झाली आहेत. मग फोटो काढला. हसू नका असं तो म्हणाला.

बाकाकडे आलो. सासूबाईंनी विचारलं, झालं का.

झालं म्हणालो.

"मग चला," त्या म्हणाल्या आणि उठायला हात पुढे केला.