अंगठीचं पान

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली माझं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक लोखंडी ठोकळा, एक पेटी, दोन स्टुलं आणि डोक्यावर जिन्याचा उतार. सरळ उभं राहिलं की कपाळमोक्ष, म्हणून दिवसभर मी बसूनच असतो. पहिल्या मजल्यावर पत्तेवाल्या बाई राहतात. त्यांच्याकडे जाणारं प्रत्येक पाऊल माझ्या डोक्यावरून जातं. कोण घाईत आलंय आणि कोण तोंड पाडून परत निघालंय, हे मला बुटांच्या आवाजावरून कळतं.

बाई पत्त्यांवरून भविष्य सांगतात. खेळायचे पत्ते नव्हेत, छत्तीस चित्रांची वेगळी गड्डी असते. ती पिसायची, त्यातली नऊ पानं टेबलावर मांडायची आणि ती सांगतील ते वाचायचं. लोक बहुतेक एकाच गोष्टीसाठी येतात. तो माझा होईल का? ती थांबेल का? मग बाई समजावतात. बदाम निघाला तर जीव जडलाय. कुत्रा म्हणजे इमान. जहाजाचा नांगर म्हणजे माणूस टिकेल. घर म्हणजे घर. आणि अंगठी म्हणजे दिलेला शब्द.

"बदाम काय, कुणालाही निघतो," बाई म्हणायच्या. "जीव जडायला काय लागतं? अंगठी निघाली पाहिजे."

पण गेली सात वर्षं कुणालाच अंगठी निघत नव्हती. आधी बाईंना वाटलं, योगायोग असेल. मग वाटलं, गिऱ्हाइकंच तसली येतायत. शेवटी त्यांनी सगळ्या जगालाच दोष देऊन टाकला.

"काळच तसा आलाय, कारागीर," जिना उतरता उतरता त्या मला सांगायच्या. "माणसांना जीव लावता येतो, शब्द देता येत नाही. पानं काय खोटं बोलतायत?"

मी तोंडात खिळे धरलेला माणूस. मान हलवायचो.

तुम्ही म्हणाल, सात वर्षांत एकदा गड्डी मोजून बघायची. तिथेच तर गोम होती. बाई ही विद्या आपल्या आत्याकडून शिकल्या, आणि आत्याचा नियम कडक होता. पानं कधी मोजायची नाहीत, आणि सगळी एकदम उघडी मांडायची नाहीत. मोजली की रुसतात. बाईंनी तो नियम जन्मभर पाळला.

तीन वर्षांपूर्वी मी बाईंना विचारलं. त्यांच्या पिशवीची चेन बसवत होतो. हातात काम असलं की मला बोलायला धीर येतो.

"बाई, वर तुम्ही एकट्या. मागच्या खोलीत मी एकटा. कशाला दोन-दोन ठिकाणी दिवे जाळायचे?"

बाई हसल्या नाहीत. पिशवी हातात घेतली, चेन दोनदा वरखाली करून बघितली आणि म्हणाल्या, "लोकांना जे सांगते तेच मला लागू. माझ्या पानांत अंगठी निघाली तर हो."

"आणि नाही निघाली तर?"

"तर चेन छान बसलीय. येते."

स्वतःची पानं महिन्यातून एकदाच बघायची, असा आत्याचा दुसरा नियम. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी हात घासून धुवायचो, तरी नखांत काळं राहायचंच, आणि वर जाऊन हिरव्या टेबलक्लॉथसमोर बसायचो. बाई पिसायच्या, मांडायच्या. बदाम निघायचा. कुत्रा तर जणू पाळलेला, हमखास यायचा. एकदा बदाम, नांगर, घर असे तिघंही एका रांगेत आले आणि माझं काळीज बुटावर हातोडी पडावी तसं वाजायला लागलं. अंगठी नाही.

"जीव आहे, इमान आहे," बाई म्हणायच्या आणि पानं गोळा करायच्या. "पुढच्या महिन्यात बघू." मग चहा व्हायचा. असे छत्तीस-सदतीस चहा झाले.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी झाली. सोमवार चार दिवसांवर असताना बाई काळे बूट घेऊन खाली आल्या आणि स्टुलावर टेकल्या.

"हे जरा धड करून द्या. आतून बोचतंय. लांबचा प्रवास करायचाय."

"कुठे?"

"भाच्याकडे. त्याच्या घरात एक खोली रिकामी झालीय. म्हणतो, मामी, आता जिने चढायचं वय आहे का तुझं?" बाई माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "या सोमवारी शेवटचं बघते. निघाली तर निघाली. नाहीतर बुधवारची गाडी आहे."

तीन वर्षं मी निवांत होतो, कारण पुढचा महिना नेहमीच होता.

"आणि तुमची गिऱ्हाइकं?" एवढंच मला सुचलं.

"ज्यांना अंगठी निघत नाही त्यांना माझं काय अडलंय? समोरच्या बेकरीतल्या पोरीला दोन वर्षं सांगतेय, तुझ्या त्या प्लंबरला अजून हो म्हणू नकोस, थांब. किती थांबवू तिला?"

बाई गेल्या. मी बूट ठोकळ्यावर उलटा घातला आणि रापीनं, म्हणजे आमच्या चामडं कापायच्या पात्यानं, आतला तळ उचकटला. तो मीच बसवला होता, सात वर्षांपूर्वी. चामड्याखाली भर म्हणून पुठ्ठा घालतात. पुठ्ठे मला बाईच आणून द्यायच्या, रिकामी खोकी, झाकणं, असलं सगळं. उजव्या बुटातला पुठ्ठा निघाला. त्याच्याखाली आणखी एक तुकडा होता, जाड, गुळगुळीत, कडेनं कापलेला. चामड्याला चिकटलेला होता. सोलून काढला तर चित्र अर्धं चामड्यालाच राहिलं. माझ्या हातात पिवळ्या गोलाचा अर्धा भाग आणि खाली बारीक अक्षरं आली.

मला अक्षरं उशिरा आली. साठी उलटल्यावर शाळेतल्या रात्रीच्या वर्गात लेकीनं जबरदस्तीनं बसवलं. त्यामुळे मी अजूनही एकेक अक्षर बोट ठेवून वाचतो. अ, त्यावर टिंब. ग. ठी.

मी दुकानाची फळी लावून घेतली आणि तसाच बसून राहिलो.

मग सगळं आठवलं. त्या दिवशी बूट पायातून काढून बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. दुसरं स्टूल तेव्हा नव्हतं. एक पाय हवेत, आणि तोल जाऊ नये म्हणून एक हात माझ्या खांद्यावर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत माझ्या खांद्यावर कुणाचा हात पडला नव्हता. माझे हात काम करत होते, पण लक्ष सगळं खांद्यावर होतं. त्यांनी आणलेल्या पुठ्ठ्यांतून हाताला लागेल ते घेतलं, कापलं, खळ लावली, ठोकलं. त्या पुठ्ठ्यांत टेबलावरचं पान सरकून आलं असणार. मी बघितलंच नाही.

संध्याकाळी लेक डबा घेऊन आली. तिला पान दाखवलं. आधी ती इतकी हसली की डबा खाली ठेवावा लागला.

"बाबा, म्हणजे तुमच्या लग्नात खोडा घातला कुणी, तर तुम्हीच!"

"हसू नकोस. काय करू ते सांग."

"करायचं काय? सोमवारी त्यांचं लक्ष नसताना गड्डीत सरकवा. वरच ठेवा. निघाली अंगठी, झालं लग्न. मी नवी साडी घेते."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. पान पुसलं आणि ठोकळ्याखाली सपाट व्हायला दाबून ठेवलं. सकाळी काढलं तर क्षणभर सरळ राहिलं आणि हळूच परत वाकलं. टाचेकडे खोल, मध्ये उंच, बोटांकडे पुन्हा खोल. सात वर्षं बाईंचा पाय त्यावर पडला होता. मी पाण्याचा हात लावला, वाफ दिली, तीन दिवस दाबलं. बुटाचा आकार मी रोज बदलतो, पण त्या पानाचा बदलला नाही. आणि दर वेळी ते वाकलं की मला बाईंचाच पाय दिसायचा. त्या पायाला फसवायचं धाडस मला होईना.

सोमवारी वर गेलो. बाईंनी टेबल पुसून ठेवलं होतं. कोपऱ्यात पेटी अर्धी भरलेली. त्यांनी गड्डी हातात घेतली तसा मी म्हणालो, "थांबा," आणि पान टेबलावर ठेवलं.

बाईंनी ते उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. "हे कुठून आणलंत?"

"तुमच्या बुटातून."

मग सगळं सांगितलं. खांद्यावरच्या हाताचंही सांगितलं, कारण ते सोडलं तर मी निव्वळ गाढव ठरत होतो.

बाईंनी पानाच्या वाकावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता बुधवारची गाडी मंगळवारी निघणार.

"सात वर्षं," त्या म्हणाल्या. "सात वर्षं मी लोकांना सांगतेय, काळ वाईट आलाय. आणि अंगठी माझ्याच पायाखाली?" मग एकदम उठल्या. "अहो, ती बेकरीतली पोर!"

त्यांनी खिडकी उघडली आणि रस्त्यापलीकडे हाक मारली. "ए पोरी! बाहेर ये! तुझं चुकलं माझ्याकडून. त्या प्लंबरला हो म्हण! आजच म्हण!"

पोरगी पिठाचे हात घेऊन दारात आली. आधी ओशाळली, मग ओरडली, "मावशी, मी गेल्या महिन्यातच म्हणाले! तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही!"

"पानं नको म्हणत होती तरी?"

"पानांना कुठे त्याच्याबरोबर राहायचंय, मावशी!"

बाईंनी खिडकी लावली. परत येऊन खुर्चीत बसल्या आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हसताय काय? गुन्हेगार तुम्ही."

"मी कुठे हसतोय?"

"हसा मग. मी एकटीच हसतेय, बरं नाही दिसत."

मी हसलो, पण जीव टांगणीलाच होता. बाईंनी ते पान गड्डीत मिसळलं आणि पिसायला घेतलं. पिसून गड्डी टेबलावर पसरली, सगळी पानं पालथी, आत्याचा नियम सांभाळून. पस्तीस पानं सपाट पडली होती. एकच मध्ये कुबड काढून बसलं होतं, टाचेकडे खोल, बोटांकडे खोल. लहान मुलालाही ओळखू आलं असतं.

"हे काही चालायचं नाही," मी पडल्या आवाजात म्हणालो. "हे तर पाठीवरूनच कळतंय. आता तुम्हाला अंगठी कधी आपसूक निघणारच नाही."

"नाही निघणार," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाह्या सारख्या केल्या. नेहमी पान उचलताना त्या डोळे मिटतात. या वेळी मिटले नाहीत. हात सरळ त्या कुबड्या पानावर गेला, त्यांनी ते उचललं आणि माझ्यासमोर उलटून ठेवलं. अर्धी पिवळी अंगठी.

"बाई, ही तर चोरी झाली," मी म्हणालो.

"झाली. तक्रार आहे?"

"नाही."

"मग बूट आणून द्या माझे. उरलेली अर्धी त्यात आहे." मग पेटीकडे बघून म्हणाल्या, "आणि चहा आज तुम्ही करा. डबा पेटीत तळाशी गेलाय, शोधावा लागेल."

मी पेटी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून जागच्या जागी ठेवायला लागलो. चहाचा डबा वरच होता. तो मी सगळ्यात शेवटी काढला.