कासवाची सोय

नंदाखाल गावच्या नरहरींनी ओल्या गोणपाटाने झाकलेलं घमेलं संग्रहालयाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा हेमांगी चहा पीत होती. गोणपाट हललं.

"ह्याला ठेवून घे गो," नरहरी म्हणाले. "आमच्या बावखलातलं कासव."

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. नरहरींच्या पूर्वजांनी ते खोदलं आणि केळी, पानवेली त्यावरच पोसल्या. आता वाडीत बोअरिंग आलं होतं. गरज सरो, वैद्य मरो! मुलाने, धवलने, बावखल बुजवून शेजारच्या लग्नाच्या हॉलला पार्किंग द्यायचं ठरवलं. मातीचे डंपर उद्या यायचे होते. नरहरींनी होकारही देऊन टाकला होता. अडचण कासवाची होती. त्याला घरात सगळे पणजोबा म्हणत आणि नव्या घडातलं पहिलं केळं त्याला देत. पणजोबांना मातीखाली गाडायचं कसं? त्यांची सोय लागली की आपण सुटलो, असं नरहरींनी मनाशी धरलं होतं.

हेमांगी त्यांच्याच आळीतली. बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्यांत तिने वसईच्या निसर्गाचं संग्रहालय मांडलं होतं. खाडीतले शिंपले, सुगरणीची घरटी, माशांचे सांगाडे. उद्घाटनाचा नारळ फोडून गेलेले नरहरी त्यानंतर थेट आज उगवले होते.

"काका, जिवंत काही मी ठेवत नाही. इथे येतात ते मेल्यावर."

नरहरी ओशाळले. "मग दुसऱ्या कुणाच्या बावखलात सोडतो. कुठे सोडू, सांग."

ती त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे गावाचा मातीचा नमुना होता. प्रत्येक बावखलाच्या जागी आरशाचा तुकडा बसवलेला.

"यातलं कुठलं राहिलंय, तुम्हीच बघा."

नरहरी बोट फिरवू लागले. चंद्रहासच्या बावखलावर बंगला उठला होता. बर्नार्डच्यात मागल्या वर्षी भराव पडला. देवळामागचं होतं खरं, पण त्यात गटार सोडलेलं. तिथे पणजोबा आठवडाभरही टिकले नसते. बोट गावभर भटकलं आणि शेवटी आपल्याच वाडीवर येऊन थांबलं.

"हेच एक दिसतंय," नरहरी पुटपुटले.

उपदेश करायची हेमांगीला खोड नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं. पण नरहरींना मनापासून लाज वाटली. सगळं गाव तळी बुजवत होतं तेव्हा ते लोकांना नावं ठेवत होते, आणि आता स्वतः रांगेत शेवटचे उभे होते.

त्यांनी तिथूनच धवलला फोन लावला. "डंपरवाल्याला नको म्हणून सांग. पणजोबा घरीच राहणार."

पलीकडे धवल बराच वेळ बोलत राहिला. नरहरींनी सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, किती दिवस असं चालणार?" त्याने शेवटी विचारलं.

"मी आहे तोवर."

"आणि नंतर?"

"नंतर वाडी तुझीच. बुजवायचं झालं तर घमेलं तू उचल आणि त्याची सोय तू शोध. मला नाही सापडली."